अकराव्या मिनिटाचं पीक

"थेंबकाकांना सोडून कोणीही चालेल," असं प्रमुखबाई भर मीटिंगमध्ये बोलल्या नसत्या, तर पुढचा घोळ झालाच नसता. काकांचा खांदा धड राहिला असता, सोसायटीतल्या बेचाळीस घरांनी नळाच्या पाण्याशी अबोला धरला नसता आणि लॅबच्या दप्तरात एका माणसाच्या अवयवाची सही-शिक्क्यानिशी नोंद झाली नसती. पण प्रमुखबाई बोलल्या. आणि वाईट म्हणजे, प्रेमाने बोलल्या.

ही लॅब शहराचं पिण्याचं पाणी तपासायची. थेंबकाका तिथले सगळ्यात जुने केमिस्ट. एकतीस वर्षं ब्युरेट नावाच्या उभ्या काचनळीसमोर उभं राहून त्यांनी थेंब मोजले होते. पाण्यात क्लोराइड किती आहे ते बघायचं, तर वरून एकेक थेंब सोडत राहायचा आणि पिवळ्या पाण्यावर विटकरी झाक आली की हात थांबवायचा. बाकीच्यांचा हात एखादा थेंब पुढेच जायचा. काकांना अर्धा थेंब पकडता यायचा. नळीच्या टोकाशी लोंबणारा अर्धा थेंब ते काचेच्या कांडीने अशा अदबीने टिपून घेत, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. त्यावरून ते थेंबकाका झाले आणि त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

अशा लॅबमध्ये नवं मशीन आलं. दोन कपाटांएवढं. त्याचं पूर्ण नाव लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री. पण ते एका दमात म्हणता येणारी एकच व्यक्ती लॅबमध्ये होती, ती म्हणजे मशीनताई. अठ्ठावीस वर्षांची, बारीक चणीची, मशीनवर हात ठेवून बोलणारी. मशीन तिलाच येत होतं. आणि अडीच महिन्यांनी ती बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती.

नियम असा, की मशीन चालवायला दोन माणसं अधिकृत हवीत. रजेवर एक, हजर एक, हे तरी किमान. नाहीतर मशीनला सील. वरच्या ऑफिसने ताईला पत्र पाठवून विचारलं की रजा थोडी पुढे ढकलता येईल का. तिने उत्तर दिलं, की संबंधित व्यक्तीला विचारून कळवते, पण ती व्यक्ती सध्या फक्त लाथा मारते. या उत्तराने वरचं ऑफिस हसलं नाही. त्यांनी दुसरं पत्र पाठवलं, जरा कडक.

म्हणून ती मीटिंग. कोण शिकणार, असं प्रमुखबाईंनी विचारताच सगळ्यांना छतावरच्या पंख्यात एकदम रस निर्माण झाला. एकाची पाठ दुखत होती, एकीच्या मुलाची परीक्षा होती, तिसरा प्रामाणिक होता, त्याने सरळ भीती वाटते म्हणून सांगितलं. तेव्हा प्रमुखबाई म्हणाल्या, "हे बघा, थेंबकाकांना सोडून कोणीही चालेल. त्यांना या वयात कशाला त्रास."

वयाबद्दल कोणी वाईट बोललं तर माणूस भांडू शकतो. कोणी काळजीने बोललं तर करायचं काय? काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उभे राहिले. उभं राहून बोलण्याची काही गरज नव्हती, पण बसून त्यांना ते जमलं नसतं.

"मी शिकतो," ते म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा पंख्यावरून उतरून काकांवर आल्या.

पहिली अडचण मशीनची नव्हती, नियमबाईंची होती. नियमबाई म्हणजे लॅबचा गुणवत्ता विभाग. सगळा विभाग म्हणजे त्या एकट्या आणि सहा कपाटं. जे कागदावर नाही ते घडलेलं नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी काकांना शांतपणे समजावलं, की मशीनच्या खोलीत जायला परवाना लागतो, परवाना प्रशिक्षणानंतर मिळतो. काकांनी विचारलं, प्रशिक्षण कुठे होतं? नियमबाई म्हणाल्या, मशीनच्या खोलीत. काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. नियमबाईही बघत राहिल्या. आपल्या बोलण्यात काही विसंगती आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

त्यामुळे पहिला आठवडा काका काचेच्या दाराबाहेर उभं राहून शिकले. ताई आतून बोट दाखवायची, काका बाहेरून वहीत लिहायचे. वीजभारित फवारा कसा उडतो हे दाखवायला ताईने गाल फुगवून फूऽऽ केलं, तेव्हा तिथून जाणाऱ्या प्रमुखबाई क्षणभर थबकल्या आणि काही न विचारता निघून गेल्या. काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर आजही आहे: "डावीकडे पंप. मध्ये पेनाएवढी पोलादी नळी, हिला कॉलम म्हणतात. उजवीकडे तोफ? (विचारणे)."

दुसऱ्या आठवड्यात तोडगा निघाला. आत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा नियम होता. काकांनी रोज सकाळी वहीत सही करायची, गळ्यात 'पाहुणा' अशी पट्टी घालायची आणि आत जायचं. एकतीस वर्षं ज्या इमारतीत नोकरी केली, जिथल्या प्रत्येक नळाची गळती त्यांना तोंडपाठ होती, तिथे काका पाहुणे झाले. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने त्यांना कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं. तो गंमत करत होता. काकांना ते दोन दिवस लागून राहिलं.

घरी वेगळीच परिस्थिती होती. काकू घरी पडदे शिवून द्यायच्या, त्यामुळे त्या घरात मशीन म्हटलं की एकच. काका संध्याकाळी येऊन सोफ्यावर टेकले आणि "मशीनने आज फार छळलं" म्हणाले, की काकू आतून "तेल घातलं का?" विचारायच्या. नवं मशीन तेलाचा अंश जरी दिसला तरी आठवडाभर तेच दाखवत बसतं, हे काकांनी त्यांना समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, मग फार मानी दिसतंय. यावर काकांनी विषय बदलला; घरात एकाच वेळी दोन मानी प्राण्यांचा विषय निघणं त्यांना सोयीचं नव्हतं.

समोरच्या घरात निवृत्त स्टेशनमास्तर राहायचे. त्यांना कोणताही विषय वर्ज्य नव्हता. काका शिकतायत म्हटल्यावर ते रोज खुर्ची घेऊन येऊ लागले. काकांनी त्यांना सांगितलं, की पाण्याचा थेंबभर नमुना कॉलममधून ढकलतात. कॉलममध्ये पिठाहून बारीक कण ठासून भरलेले असतात. पाण्यातले काही पदार्थ त्या कणांना चिकटत चिकटत जातात, काही न चिकटता सटकतात. म्हणून एकत्र निघालेले पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात.

स्टेशनमास्तरांनी पाय खाली सोडले. "म्हणजे पॅसेंजर आणि एक्स्प्रेस," ते म्हणाले. "एकाच वेळी सुटल्या, पण पॅसेंजर प्रत्येक स्टेशनला थांबणार. मग कोणती गाडी किती वाजता आली यावरून ती कोणती ते ओळखायचं. तुमचं मशीन वेळापत्रक वाचतंय."

काकांनी तीन दिवस पुस्तक वाचून जे समजून घेतलं होतं, ते या गृहस्थाने खुर्चीत बसल्या बसल्या गिळून टाकलं होतं. त्यांनी जरा तुटकपणेच, हो, तसंच काहीसं, म्हटलं.

"आणि दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर?"

"तर त्यांचं वजन करतात," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनाच सगळं लख्ख दिसलं. मशीनच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं कामच ते होतं. कॉलममधून येणाऱ्या द्रवाचा धुक्यासारखा फवारा करायचा, रेणूंना विजेचा भार द्यायचा, निर्वातात ओढून घ्यायचं आणि एकेकाचं वजन करायचं. वेळ एक साक्षीदार, वजन दुसरा. दोघांची साक्ष जुळली की गुन्हेगार पकडला. काकांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्टेशनमास्तरांना आपण होऊन दुसरा चहा विचारला.

एक घोटाळा मात्र शेवटपर्यंत राहिला. एखादा पदार्थ बाहेर आला की पडद्यावरची सपाट रेघ टेकडीसारखी वर जाते. तिला लॅबमध्ये सगळे पीक म्हणतात. काका घरी सांगू लागले, की आज चौथ्या मिनिटाला छान पीक आलं, सातव्या मिनिटाचं पीक जरा बसकं होतं. काकूंनी फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं, की यांनी या वयात शेती शिकायला घेतलीय, पण नीट सांगत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी पहिला पराक्रम केला. मशीन अधूनमधून रुसायचं. दाबाचा आकडा खालीवर नाचायचा. काकूंनी एकदा पडद्याला झालर लावता लावता सांगितलं होतं, की मशीन नवं असो नाहीतर जुनं, आधी त्याचा आवाज ओळखायचा. बिघडण्याआधी ते सांगत असतं. काका पंपाला कान लावून बसले. नेहमीचं टक्-टक्, टक्-टक्, आणि मग एक ठोका गायब. ताईने पंप मोकळा केला, तर आत हवेचा बुडबुडा. ताईने काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी नकळत 'पाहुणा'ची पट्टी सरळ केली.

असा विजय मिळाल्यावर माणसाने खरं तर दोन दिवस रजा घ्यावी. काकांनी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी ताई डॉक्टरकडे गेली असताना त्यांना कॉलमच्या जोडाशी एक थेंब दिसला. थेंब हा त्यांचा प्रांत. ज्याने आयुष्यभर थेंबांना शिस्त लावली त्याच्यासमोर एक थेंब बिनधास्त लोंबतोय, हे त्यांना बघवेना. त्यांनी पाना घेतला. तो जोड बोटांनी घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्यायचा असतो. काकांनी सगळं अंग त्याच्यात घातलं. एक आवाज जोडातून आला, एक खांद्यातून. जोडाचे आटे गेले, खांद्याचं नेमकं काय गेलं ते कळायला डॉक्टर लागले.

मशीन दोन दिवस बंद राहिलं. नियमबाईंच्या फॉर्मात बिघाडाचं कारण म्हणून दोनच पर्याय होते, 'झीज' आणि 'अपघात'. काकांनी अपघातावर खूण केली. नियमबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, की अपघात म्हणजे अनपेक्षित ना? काकांनी होकार दिला. नियमबाई म्हणाल्या, तसं वाटत नाही, पण दुसरा रकाना नाही.

ताई रागावली नाही. ती इतकंच म्हणाली, की काका, हे मशीन ताकदीने नाही, आळसाने चालवायचं. मग नवा जोड बसवताना तिने पाना त्यांच्याच हातात दिला. काकांनी नाक ओढलं आणि खोलीत गारठा फार आहे म्हणाले.

डॉक्टरांनी खांद्याला मलम दिलं. रोज सकाळी काकू ते पाठीकडून चोळायच्या. पुढून आणि वरून काका स्वतः डाव्या हाताने चोळायचे. नंतर दिवसभर, जिना चढताना, विचार करताना, डावा हात आपसूक उजव्या खांद्यावर जायचा. शर्टाला त्या जागी कायमचा ओलसर डाग पडला. या सगळ्याकडे कोणी लक्ष देण्याचं कारण नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईने काकांना खऱ्या नमुन्यांना हात लावू दिला. शहरातल्या दहा ठिकाणांहून पाणी आलेलं. ते गाळायचं, करंगळीच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्यांत भरायचं, टोपण लावायचं. टोपणात रबराची चकती असते. मशीनची सुई ती भोसकून आत जाते आणि आपला थेंब उचलते. या खोलीत हातमोजे सक्तीचे. पण काकांची सगळी कला बोटांच्या टोकात, आणि तेवढं टोपण मोजा घातलेल्या बोटांना जाणवेचना. तेव्हा ते टोपण लावण्यापुरता डाव्या हाताचा मोजा काढायचे, आणि ताई वळायच्या आत परत घालायचे. एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला एवढी सवलत असायला हरकत नाही, असं त्यांचं मत होतं.

दहाच्या दहा नमुन्यांत अकराव्या मिनिटाला पीक आलं.

ताईने केलेल्या कोऱ्या नमुन्यात, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्यात, काही नव्हतं. तेव्हा दोष मशीनचा नव्हता. ताईने काकांना जवळ बोलावून वजनाचा पडदा दाखवला. एक उंच रेघ, आणि तिच्यापासून दोन घरं पुढे दुसरी, पहिलीच्या साधारण दोन तृतीयांश. तिने विचारलं, यावरून काय दिसतं? काकांनी दोन्ही रेघांची उंची बोटांनी मोजली. मग तिने आठवण करून दिली, की क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, हलके तिप्पट, जड एकपट, आणि दोघांत फरक दोनाचा.

"क्लोरीन," काका म्हणाले. "आणि एक नाही, दोन आहेत. एक असता तर दुसरी रेघ तिसऱ्या हिश्श्याएवढी आली असती."

"बरोबर," ताई म्हणाली.

काकांना परक्या गावात आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसा आनंद झाला. क्लोरीनला ते एकतीस वर्षं विटकरी रंगात ओळखत होते. आज तो रेघांच्या वेषात आला तरी त्यांनी ओळखला होता. मशीनच्या स्मरणातल्या यादीशी वजन ताडून पाहिलं, तर नाव निघालं डायक्लोफेनॅक. दुखण्यावरचं औषध. लोक घेतात, शरीरातून सांडपाण्यात जातं, तिथून नदीत. असं होऊ शकतं, ताई म्हणाली. पण नदीशी संबंध नसलेल्या बोअरच्या पाण्यातही तेवढंच कसं, म्हणून तिच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा नमुने मागवले. पुन्हा काकांनी भरले. पुन्हा पीक आलं, या वेळी अधिकच जोमदार, कारण त्या दिवशी खांदा जास्त दुखत होता. प्रमुखबाईंनी शुक्रवारी पाणीपुरवठा खात्याला अहवाल पाठवायचं ठरवलं.

काकांनी हे फक्त स्टेशनमास्तरांना सांगितलं, आणि तेही कोणाला सांगू नका या अटीवर. आता ज्या माणसाने पस्तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची घोषणा केली, त्याच्याकडून ही अपेक्षा करणं चूकच. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत सगळे पाणी उकळत होते. दुपारी कोणीतरी सांगितलं की उकळून औषध जात नाही, तेव्हा विकतच्या पाण्याच्या बाटल्या आल्या. एकाने कुंड्यांना पाणी घालणं थांबवलं. जिन्यात लोक काकांना थांबवून दबक्या आवाजात विचारायचे, आणि काका आवाज त्यांच्याहून खाली आणून, अजून काही सांगता येणार नाही म्हणायचे. हे सांगताना त्यांची छाती किंचित पुढे यायची, ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त तळमजल्यावरच्या आजी वेगळ्या निघाल्या. दोन वर्षं आपले गुडघे बरे का आहेत ते आता कळलं, असं म्हणून त्या नळाचं पाणी दोन पेले जास्त पिऊ लागल्या.

गुरुवारी सकाळी मलम संपत आलं. काकूंनी नळी शेवटपर्यंत पिळली आणि येताना नवीन आणा म्हणून ती काकांच्या हातात दिली. दुकानात नाव सांगता यावं म्हणून काकांनी चष्मा लावला आणि बारीक अक्षरांत छापलेलं वाचलं.

डायक्लोफेनॅक हा शब्द त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला, तेव्हा काकूंनी विचारलं, "काय झालं? तारीख उलटून गेलीय का?"

"नाही," काका म्हणाले, "मीच गेलो."

लॅबपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा होता. त्या दिवशी काकांना तो चाळीस मिनिटं पुरला. गप्प बसता आलं असतं. आजपासून मोजा काढला नाही की पीक आपोआप नाहीसं होईल, आणि लोक म्हणतील पाणी सुधारलं. पण अहवाल उद्या जाणार होता. आणि सांगावं, तर मशीनच्या खोलीत मोजे न घालणाऱ्याला अधिकृत कोण करणार? म्हणजे दुसरा माणूस नाही; म्हणजे ताईची रजा पुन्हा टांगणीला. आपली अब्रू जाणार याचं दुःख होतंच, पण ती एकटी जात नव्हती, पोरीची रजा सोबत घेऊन जात होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर काका उभे राहिले. नवीन मलम घेतलं नाही.

ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिचे पाय हल्ली सुजायचे. काकांनी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. मोजा, टोपण, खांदा, मलम. शेवटी रिकामी नळी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

ताईने नळी उचलून वाचली. तिचा चेहरा काही कळू देत नव्हता.

"नुसतं सांगून नाही चालणार काका," ती म्हणाली. "दाखवावं लागेल."

मग काकांनी आयुष्यातला पहिला स्वतःचा प्रयोग मांडला. तीन कुप्या, तिन्हींत शुद्ध पाणी. पहिलीचं टोपण दोन्ही हातांत मोजे घालून लावलं. दुसरीचं उघड्या उजव्या हाताने. तिसरीचं उघड्या डाव्या. मशीन सुरू झालं. पहिल्या कुपीच्या अकराव्या मिनिटाला रेघ तळ्यासारखी शांत. दुसरीच्या वेळी जरासा उंचवटा. तिसरीच्या वेळी रेघ उठली ती पडद्याच्या कडेला जाऊन भिडली, आणि खाली त्याच दोन रेघा, दोन घरांच्या अंतराने, एक उंच आणि दुसरी दोन तृतीयांश.

ताई हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आतूनही लाथा बसतायत म्हणाली. काका मान खाली घालून उभे होते. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, मी पंधरा दिवस बोअरच्या पाण्यावर डोकं फोडत होते. मला हे सापडलं नसतं. मी रजेवर गेले असते आणि तिकडेही झोप लागली नसती."

प्रमुखबाईंसमोर काका स्वतःच बोलले. ताईने मध्ये तोंड उघडलं तेव्हा त्यांनी हाताने तिला थांबवलं. प्रमुखबाईंनी अहवालाचा कागद दोनदा घडी करून फाडला. मग त्या बोलल्या, आणि जे बोलल्या ते काकांना लागायलाच हवं होतं: शहराला घाबरवायला आपल्याला एकच दिवस उरला होता, आणि ते एका मोज्यासाठी. काका हो म्हणाले. त्यांच्या वयाची आठवण कोणी करून दिली नाही. अशी ही पहिलीच मीटिंग होती. शेवटी प्रमुखबाईंनी निर्णय नियमबाईंवर सोपवला.

नियमबाईंनी लॅबमधल्या सगळ्या मशीनांना लागू असलेला प्रशिक्षणाचा कागद काढला. तेरा मुद्द्यांवर खुणा होत्या. चौदावा मुद्दा त्यांनी मोठ्याने वाचला: "चुकीच्या निकालाचं कारण शिकाऊ व्यक्तीने स्वतः शोधून सिद्ध करणे." हा मुद्दा गेल्या नऊ वर्षांत कोणीच पुरा केला नव्हता, सगळ्यांच्या कागदावर तिथे 'लागू नाही' लिहिलेलं होतं. नियमबाईंनी तिथे खूण केली आणि काका अधिकृत झाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं त्याला दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर हसू म्हटलं असतं. मग त्यांनी दुसरा फॉर्म पुढे सरकवला आणि 'अशुद्धतेचा स्रोत' या रकान्यावर बोट ठेवलं. काकांनी लिहिलं: उजवा खांदा. 'पसरण्याचा मार्ग' समोर लिहिलं: डावा हात. नियमबाईंनी शिक्का मारला.

सोसायटीत सांगणं जास्त कठीण गेलं. काकांनी संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून, जिन्यातल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, खरं काय ते सांगितलं. मग स्टेशनमास्तर पुढे आले आणि आपण अर्धी बातमी अख्ख्या गावाला सांगितली, तेव्हा निम्मी चूक आपली, असं त्यांनी जाहीर केलं. घोषणा करायची सवय चांगल्या कामालाही येते, हे काकांना तेव्हा कळलं. तळमजल्यावरच्या आजींनी मात्र एक अक्षर मानलं नाही. मशीनला काय कळतंय, म्हणाल्या. गुडघे माझे आहेत.

ताई ठरल्या तारखेला रजेवर गेली. जाताना तिने मशीनवर हात ठेवला आणि मग, जरा विचार करून, काकांच्या डाव्या खांद्यावरही.

त्यानंतर दोन आठवडे काकांनी रोज तिला फोन केला आणि एकदाही गरज पडली नाही. तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, पाणीपुरवठा खात्याचे नवे दहा नमुने आले. काकांनी दोन्ही हातांत मोजे घातले, कोरा नमुना स्वतः बनवला, आधी तोच मशीनला दिला आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. चौथं मिनिट गेलं. सातवं गेलं. अकरावं आलं तेव्हा ते उभेच राहिले. रेघ जशी होती तशी राहिली, अगदी विसाव्या मिनिटापर्यंत. एकतीस वर्षं काकांनी काहीतरी घडण्याची वाट पाहिली होती, रंग बदलण्याची. काहीच न घडण्याचा एवढा आनंद त्यांनी पहिल्यांदा घेतला. त्यांनी नोंदवही उघडली, पेन हातात घेतलं आणि ताईला फोन लावला.

फोन तिच्या नवऱ्याने उचलला. मागे बरीच गडबड होती.

"तिला सांगा," काका म्हणाले, "आमच्याकडे काही आलं नाही. अगदी काहीच नाही."

"काका," नवरा म्हणाला, "आमच्याकडे आलं. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी. मुलगी."

काकांनी दोघी ठीक आहेत ना विचारलं. दोघी ठीक होत्या. मग काय विचारायचं ते न कळून त्यांनी विचारलं, "वजन किती?"

"दोन किलो नऊशे."

फोन ठेवल्यावर काका चष्मा पुसून परत नोंदवहीकडे वळले, आणि त्यांना दिसलं की कोऱ्या नमुन्याच्या निकालासमोर, स्वच्छ अक्षरात, त्यांच्याच हाताने लिहिलं गेलं होतं: २.९ किलो. लॅबच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या अक्षरांवर एकच सरळ रेघ मारायची, बरोबर काय ते शेजारी लिहायचं, सही करायची, तारीख घालायची आणि चूक का झाली त्याचं कारण द्यायचं. काकांनी रेघ मारली. शेजारी लिहिलं, "काहीही आढळले नाही." सही केली, तारीख घातली. मग कारणाच्या रकान्यात, नियमबाईंना नीट वाचता यावं म्हणून जरा मोठ्या अक्षरात, लिहिलं:

"मुलगी झाली."